थायरॉइडची गोळी टी४ या हार्मोनची, पण शरीरात काम करतं दुसरं हार्मोन, टी३, मग डायरेक्ट टी३ का देत नाहीत?

प्रश्न वाचून पुढे जाणार होते, पण खाली तुम्ही "टी४ नुसतं पडून असतं म्हणे, मग गोळी बंद केली तर काय बिघडतं" असं लिहिलंय ना, तिथे अडकले. शब्दन् शब्द माझ्या नणंदेचा.

पडून असतं हे खरंय, तेच त्याचं काम. थायरॉइड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढते, टीपीओ नावाचं एन्झाइम ते थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रोटीनवर चिकटवतं, आणि बाहेर पडतो तो माल बहुतेक टी४, चार आयोडीनवाला. टी३ तिथून थोडंच येतं, ८० टक्क्यांच्या आसपास बाहेरच बनतं, लिव्हर, किडनी, मेंदूसुद्धा आपल्याला लागेल तसा टी४चा एक आयोडीन काढतात. भलत्या बाजूचा काढला की रिव्हर्स टी३, ते बिनकामाचं. म्हणजे गोळी टी४ची दिली तरी टी३ कुठे, किती करायचं ते शरीर बघतं. शिवाय टी४ निम्मं व्हायला सात दिवस लागतात, टी३ दिवसभरात निम्म्यावर, डायरेक्ट दिलं तर नुसती चढउतार.

या सात दिवसांनीच माझा घात केला. २०१९चे गणपती, गिरगावात नणंदेकडे. ताई म्हणाल्या, बंद करून बघ, सवय लावतात हे लोक. मी केली बंद. अकरा दिवस मोदक वळले, आरत्या केल्या, काही म्हणजे काही झालं नाही. विसर्जनाला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बघ, गोळीशिवाय नाचतेयस की!" अहो, जुन्या टी४वर नाचत होते मी! तेव्हा हे कळत नव्हतं, शंभर गोळ्यांची बाटली कपाटात मागे सारली ती दिवाळीपर्यंत.

दिवाळीच्या आठवड्यात अंगठी साबण लावूनही निघेना, आवाज असा जड की ऑफिसच्या फोनवर लोक "हां सर" म्हणायचे. एक दिवस सीएसएमटीहून बसले ती मुलुंड, ठाणे सगळं झोपेत गेलं, कल्याणला एका बाईने हलवून उठवलं, लोकल यार्डात जाणार होती. टीएसएच (मेंदूकडून ग्रंथीला 'काम कर' सांगणारं हार्मोन, थायरॉइड कमी पडलं की वाढतं) ६१. अँटी टीपीओ (टीपीओविरुद्धच्या अँटीबॉडीची टेस्ट) आधीपासून पॉझिटिव्ह, म्हणजे माझंच शरीर त्या एन्झाइमच्या मागे लागलेलं, ग्रंथी परत नीट कामाला लागेल ही आशा फारशी नको. ताईंचं म्हणणं, दगदग झाली असेल.

त्यामुळे कोणी दहा दिवस बंद करून "मला तर काही झालं नाही" म्हणालं तर ऐकू नका, दहा दिवसांत कळतच नाही. डोस बदलला तरी टीएसएच सहा-आठ आठवड्यांनी करतात ते यासाठीच. आणि गोळी चहाबरोबर गिळू नका, पाण्याबरोबर, मग अर्धा-एक तास काही नाही, कॅल्शियम-आयर्न चार तासांनी.

हां, मी डॉक्टर नाही. टी४वर रिपोर्ट नीट असूनही बरं वाटत नसेल तर काहींना जोडीला टी३ देतात, पण ते एंडोक्रिनोलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरने ठरवायचं. प्रेग्नन्सीत तर मनाने काहीच करू नका.

ताईंनी स्वतःची टीएसएच अजून केलेली नाही. विचारलं की म्हणतात, मला काय धाड भरलीये.