आधी काम ठरव, मग कोर्स

बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझ्या चर्चच्या, म्हणजे लॅटर-डे सेंट्सच्या (ज्यांना मॉर्मन म्हणतात), पाथवे या ऑनलाइन शिक्षणाला नाव घालू का, गुजरीतल्या सराफाकडचं बिलिंगचं काम सोडू का, चर्चकडून शिक्षणासाठी कर्ज घेऊ का, आणि चर्चच्या आधारानं शिकायचं म्हणून घरचे हसतात त्यांना काय सांगू, असे चार प्रश्न एका दमात विचारलेस. हसणाऱ्यांचं आधी सांगतो, ते सगळ्यांत सोपं आहे. समाजाच्या, पंथाच्या आधारानं शिकणं ही कोल्हापुरात नवी भानगड नव्हे. शाहू महाराजांच्या पाठबळावर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत मुलांची वसतिगृहं झाली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. त्याच्याही आधी, १८५२ मध्ये, अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब इथं आले आणि त्यांनी मिशनच्या शाळा काढल्या. आमच्या घरातलं पहिलं अक्षर तिथलं. बोर्डिंगात राहून शिकलेल्यांना आज कुणी फुकटे म्हणतं का? मग तुला का म्हणावं?

मी तुमच्या चर्चचा नाही, आणि तुमच्यात चहा वर्ज्य असला तरी हे पत्र चहा पीत पीत लिहितोय, तेवढं पोटात घाल. पण शिरोलीच्या फौंड्रीत माणसं निवडण्यात माझी हयात गेली, म्हणून बोलायचा हक्क घेतो.

तुझ्या चर्चकडं देण्यासारखं बरंच आहे. इंग्रजी शिकवणारं इंग्लिशकनेक्ट आहे, ते फुकट आहे आणि सदस्य नसलेल्यालाही चालतं. तुझ्या धाकट्या भावालाही बसव. स्वावलंबनाचे गट आहेत, त्यांत चांगली नोकरी शोधणं, नोकरीसाठी शिक्षण निवडणं, घरचा जमाखर्च असे विषय असतात. तिथं मास्तर नसतो, आपणच एकमेकांना धरून पुढं जायचं. आणि बीवाययू-पाथवे (बीवाययू म्हणजे चर्चचं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ). त्याची सुरुवात पाथवेकनेक्ट या पायाभरणीच्या अभ्यासानं होते, मग छोटी प्रमाणपत्रं, आणि तीच पुढं पदवीत धरली जातात. पदवी पाथवे देत नाही, बीवाययू-आयडाहो किंवा एन्साइन कॉलेज देतं. ही प्रमाणपत्र आधी, पदवी नंतर अशी रचना मला पसंत आहे. आपल्याकडं पोरगी दुसऱ्या वर्षाला घरच्या अडचणीनं थांबली की हातात काहीच उरत नाही. इथं थांबलीस तरी एक कागद उरतो.

पण कागदावर नोकरी मिळते असं समजू नकोस. अकाउंट्सच्या जागेला मुलगी आली की मी तिची फाईल बाजूला ठेवायचो आणि जॉबवर्कची, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची, चलनं टेबलावर टाकायचो. शंभर नग मशीन शॉपला गेले. परत आले चौऱ्याण्णव. चार रिजेक्ट म्हणून शेरा आहे. उरलेले दोन कुठं? बऱ्याच जणी टॅलीतल्या एन्ट्रीबद्दल बोलायला लागायच्या. एखादी विचारायची, ‘सर, रिजेक्टचे चार नग आपल्याकडं परत आलेत का त्यांच्याकडंच पडलेत?’ तिथंच मुलाखत संपायची, कारण हिला माल दिसतोय हे कळायचं. जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं जीएसटीचा कायदा धरतो आणि मालकाला कर भरावा लागतो. त्या दोन नगांची किंमत ज्याला कळते तो माणूस शिरोलीत, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत सगळ्यांना हवा असतो.

तू बारावी कॉमर्स आहेस, बिलिंग करतेस, घट-मजुरीचा हिशेब तोंडपाठ आहे. म्हणजे ग्रॅम आणि नग दोन्हीकडं तुझं लक्ष असतं. तुझं काम मला दिसतंय ते असं: स्टोअर्स आणि अकाउंट्स यांच्या मधली खुर्ची. ते पटलं तर पाथवेत हिशेब, एक्सेल याच्या जवळचं प्रमाणपत्र घे आणि सोबत इथं जीएसटीचं काम एखाद्या करसल्लागाराकडं बसून शीक. तिकडच्या अभ्यासात आपला जीएसटी कुणी शिकवणार नाही. पटलं नाही तर दुसरं काम ठरव, पण कोर्स त्यानंतर. ‘डिजिटल मार्केटिंग छान वाटतंय’ म्हणून नाव घालू नकोस.

नोकरी सोडायची नाही. रोज दीड-दोन तास बसावं लागेल असं धरून चाल. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत ते कसं जमणार हे आत्ताच शेठजींशी बोलून घे. तुझी साप्ताहिक बैठक मात्र चुकवू नकोस. मोबाईलवर एकट्यानं शिकणारे मधेच गळतात, आठवड्याला कुणीतरी ‘कुठवर आलं?’ विचारणारं असलं की टिकतात.

आता कर्ज. तुमच्या चर्चच्या शिक्षणकर्जाच्या फंडाला, पर्पेच्युअल एज्युकेशन फंडाला, घरात सगळे मदत म्हणतायत असं तू लिहिलंस. ती मदत नव्हे, उसनवारी आहे, फेडायची आहे. १८४९ मध्ये तुमच्या लोकांनी गरीब बांधवांना अमेरिकेतल्या युटापर्यंत आणायला एक फंड काढला होता. पोचलेल्यानं कमवून परतफेड करायची आणि त्यातून पुढचा यायचा. तोच धागा धरून २००१ च्या मार्चअखेर चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष हिंकली यांनी शिक्षणाचा फंड जाहीर केला. तू थकवलंस तर तुझ्यामागच्या पोराचं अडतं. म्हणून आधी पगारातून किती झेपतं ते बघ, आणि घ्यायचंच झालं तर हप्ता, व्याज, सुरुवात कधी, हे सगळं तुमच्या चर्चच्या शाखाध्यक्षांकडून लेखी घे. माझ्या मते पहिल्या प्रमाणपत्रापर्यंत तुला कर्जाची गरज नाही.

आणखी एक, जरा रुक्ष आहे. परदेशी ऑनलाइन पदवी खासगी कंपनीत चालून जाते. एमपीएससी, बँक भरती किंवा शिवाजी विद्यापीठात एम.कॉम. डोक्यात असेल तर ती पदवी समकक्ष धरली जाते का हे आधी विचार. ते दार उघडं ठेवायचं असेल तर विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून बी.कॉम.ला नाव घाल आणि पाथवे प्रमाणपत्रापुरतं ठेव.

नोकरी शोधायच्या गटात तुम्हाला एक आकडा देतात: रोज १५ नवी ठिकाणं शोधा, १० जणांशी संपर्क करा, २ प्रत्यक्ष भेटी घ्या. कामावर असताना रोज तेवढं होणार नाही, आठवड्याला कर. पण भेटी दोन म्हणजे दोन. आपल्याकडं जागा पेपरात येण्याआधी उद्यमनगरातल्या टपरीवर भरलेली असते. मालकाच्या ओळखीचा कुणीतरी म्हणतो, ‘एक पोरगी आहे, हिशेबाला पक्की.’ ते वाक्य तुझ्याबद्दल बोललं जायला हवं, आणि त्यासाठी लोकांनी तुला बघितलेलं हवं.

शनिवारी दुपारनंतर ये. जुन्या चलनांच्या झेरॉक्स काढून ठेवतो, दोन तास बसून जुळवू. तोवर तुझा बायोडाटा एका पानात आण. छंदाचा रकाना काढून टाक, तिथं रोज किती बिलं करतेस ते लिही.

तुझा,
काका