घरदुरुस्तीची प्रश्नोत्तरे : नव्या रंगाखालचा महापूर

पाऊस तोंडावर आला की पत्रं वाढतात. निम्म्या पत्रांचा सूर एकच असतो : गवंडी असं म्हणाला, पेंटर तसं म्हणाला, आता तुम्ही सांगा. मोबाईलवरच्या फोटोवरून इमारतीचं निदान होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जेवढं लिहून सांगता येईल, तेवढं सांगतो.

प्रश्न : नव्या घराच्या गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्यात. घर खचतंय का? (उजळाईवाडी)

बहुतेक नाही, गिलावा वाळताना आकसतो. पण चीर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल, तर तिच्या टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. चीर खुणेच्या पुढे सरकली, तर इंजिनिअरला बोलवा.

प्रश्न : हॉल आणि किचनमधली भिंत काढायची आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, चार इंची आहे, बिनधास्त पाडा.

स्ट्रक्चरल ड्रॉइंग, म्हणजे इमारतीचा भार कशाकशावर आहे ते दाखवणारा नकाशा, बघितल्याशिवाय भिंतीला हातोडा लावू देऊ नका.

प्रश्न : कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्यावरचा रीसेल फ्लॅट बघितलाय. किंमत बरीच कमी आहे. आत नवा गिलावा, नवा रंग, नवं फर्निचर. एजंट म्हणतो, "पाणी गेटपर्यंतच आलं होतं." घ्यावा का?

गेटपर्यंतच! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी आहे ४३ फूट. शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी, व्हीनस कॉर्नर या भागांत तेव्हा काय झालं, ते अख्ख्या कोल्हापूरनं बघितलंय. तरी विकताना प्रत्येक घराचं पाणी गेटपाशीच थांबलेलं असतं.

आधी बाहेरून सुरुवात करा. फ्लॅटला रंग दिलेला असतो, शेजारच्या कंपाउंडच्या मागच्या बाजूला कोणी देत नाही. पाण्याची रेघ तिथं सापडते. गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारा, तो तुम्हाला छातीवर हात लावून उंची दाखवेल. मग आत या आणि बोटाच्या पेरानं भिंत ठोकत खालून वर जा. चिकटलेला गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. कमरेपर्यंत एक आवाज आणि वर दुसरा, असं झालं तर खालचा भाग काढून नवा केलाय हे समजा. का केलाय, ते मालकाला तोंडावर विचारा. इलेक्ट्रिशियनला सोबत न्या. मेन बंद करून त्यानं खालच्या सॉकेटची पट्टी काढली, की कधी कधी मागच्या डब्यात वाळलेला गाळ निघतो. पट्टी नवी बसवली जाते, डबा साफ करायला कोणाला वेळ नसतो.

नव्या रंगाचा मला राग का येतो, तेही सांगतो. पूर ओसरला तरी विटेत मुरलेलं पाणी महिनोन् महिने बाहेर पडत असतं. भिंत वाळायच्या आत वर 'वॉटरप्रूफ' रंग फासला, की ते आतच कोंडतं. मग पोपडे सुटतात, लोणा फुटतो, आणि पेंटर आणखी महागडा डबा दाखवतो. आरसीसीचं, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचं, दुखणं तर याहून मोठं. ओल सळईपर्यंत पोचली की गंज धरतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट ढकलून फोडतं. कॉलमच्या पायथ्याशी सळईच्या रेषेत उभी चीर दिसत असेल, तर ते दुखणं रंगाच्या डब्यानं बरं होणारं नाही.

कागदही बघा. ती जागा पूररेषेच्या नकाशात कुठं येते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. म्हणजे उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, की तुमचं गणित अडकू शकतं. हे एजंट सांगणार नाही, त्याचं कमिशन तोवर मिळून गेलेलं असतं.

घ्यावा का? तपासणी होईपर्यंत टोकन देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्ही निवडा, एजंटनं सुचवलेला नको. कागद वकिलाला दाखवा. एवढं करून किंमत आणखी खाली आली आणि पुराच्या दिवसांत सामान वर हलवायची तयारी असली, तर विचार करायला हरकत नाही.

प्रश्न : आमची इमारत २२ वर्षांची आहे. पार्किंगमधल्या दोन कॉलमची सळई उघडी पडलीय. चेअरमन म्हणतात, सिमेंट लावून घेऊ, ऑडिटचा खर्च कशाला?

चेअरमननी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी वाचावेत. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट त्यात सांगितलंय. गंज न काढता वर माल थापला, तर तो पुढच्या पावसाळ्यात पाटीएवढ्या तुकड्यांनी खाली येतो, आणि खाली मुलं खेळत असतात. ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचण्या होतात. काँक्रीट कितपत शाबूत आहे याचा त्यातून अंदाज येतो, दुरुस्ती कशी करायची ते त्यानंतर ठरतं. दोन कॉलमवर दिसतंय, म्हणजे दुखणं दोनच कॉलमना आहे असं धरू नका. पुढच्या मीटिंगची वाट बघू नका.

प्रश्न : ताबा घेऊन ३ वर्षं झाली. बाथरूम खालच्या फ्लॅटमध्ये गळतं. बिल्डर म्हणतो, वॉरंटी एकच वर्षाची. (रुईकर कॉलनी)

चूक. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना बिल्डरपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. फोनवर भांडू नका, लेखी कळवा आणि पोच ठेवा. मध्ये तुम्ही फरशी फोडून नळ बदलले असतील, तर तो तेच पुढे करील. म्हणून आधी वकिलाशी बोला.

प्रश्न : स्लॅब गळतो. वरून केमिकल मारून मिळेल अशी जाहिरात आलीय, १० वर्षांची गॅरंटी. मारू का?

पाणी कुठून शिरतंय, हे न बघता गॅरंटी देणाऱ्याला गच्चीवर चढू देऊ नका. निम्म्या वेळा दोष पाइपाच्या तोंडाशी किंवा पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्यात असतो, तिथं थोड्या खर्चात काम होतं. जुन्या कोब्यावर नवा कोबा, त्यावर आणखी एक थर, असं तर अजिबात नको. प्रत्येक थराचं वजन स्लॅबवरच येतं.

प्रश्न : मंगळवार पेठेतलं आजोबांचं मातीच्या भिंतींचं घर आहे. ओल येते म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. ओल आणखी वाढली.

वाढणारच. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं बाहेर सोडणं बंद केलं. गिलावा एका कोपऱ्यात उतरवून आतली माती भुसभुशीत झालीय का ते बघा. झाली असेल, तर चुन्याचं काम येणारा जुना गवंडी आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला इंजिनिअर, दोघांनाही एकाच वेळी बोलवा. पन्हाळपत्र्यातून भिंतीच्या पायथ्याशी पडणारं पाणी मात्र आजच बाजूला वळवा, त्यासाठी कोणाची वाट बघायला नको.