हौशी गोल्फर ५० हजारांचा ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) घेतात, पण प्रोकडे (व्यावसायिक प्रशिक्षकाकडे) शिकायला का जात नाहीत?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की हा कंजूषपणा की आळस. माझ्या मते दोन्ही नाही. हे सांगायचा थोडा हक्क मला आहे. मी पुण्यात दातांचा डॉक्टर. ४३ व्या वर्षी एका शाळासोबत्याच्या नादाने गोल्फला लागलो आणि पुढची ११ वर्षं कोणाकडेही न शिकता खेळलो. हँडिकॅप, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, २६ च्या खाली कधी आला नाही. गेल्या वर्षी शेवटी शिकायला गेलो, त्यामुळे न जाण्याची कारणंही माझ्याकडे आहेत आणि गेल्यावर काय होतं तेही.

पैशाचं आधी उरकतो. आमच्या इथे प्रो तासाला बाराशे रुपये घेतो. माझ्या बॅगेतला ड्रायव्हर ५४ हजारांचा. म्हणजे झाली ४५ तासांची शिकवणी. हा भागाकार मला दुकानात उभा असतानाही येत होता. पण ड्रायव्हर रविवारी टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, नेता येतो. तिघं मित्र तो हातात घेतात, हवेत फिरवतात, 'आवाज भारी आहे रे' म्हणतात. शिकवणीचं काय काढून दाखवणार? शिवाय नवा ड्रायव्हर घेताना आपण मनाशी एक निकाल देऊन टाकलेला असतो, की आजवर चेंडू झाडीत गेले तो सगळा दोष जुन्या ड्रायव्हरचा. प्रोकडे गेलं की हा निकाल फिरायची भीती.

वेळेचं कारणही सगळे सांगतात आणि ते अर्धं खरं आहे. १८ होल्सच्या एका राऊंडला चार-साडेचार तास जातात, आठवड्यात सकाळ एकच मिळते, आणि आपल्याकडे बहुतेक कोर्स सभासदांचे नाहीतर लष्कराचे. खारघरला सिडकोने केला तसा कोर्स, जिथे कोणीही पैसे भरून खेळू शकतो, विरळाच. मग रविवारचा स्लॉट मिळाल्यावर तो सोडून रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कोण जाईल? पण हीच मंडळी रात्री अंथरुणात पाऊण तास स्विंगचे व्हिडिओ बघतात. मीही बघायचो. बायको म्हणायची, हा वेळ तिकडे पोचायला पुरला असता.

तसे आपण क्लासवाले लोक. पोराला पोहण्याच्या क्लासला घालतो, पेटीच्या घालतो, अबॅकसच्या घालतो. कोणी मोबाइलवर बघून तबला शिकतोय म्हटलं तर नाक मुरडतो. मग गोल्फच का आपलं आपण येईल असं वाटतं?

मला वाटतं, पहिलं कारण चेंडू हलत नाही हे आहे. क्रिकेटमध्ये समोरचा टाकतो, वळवतो, फसवतो. चुकलं तर त्याचं कौतुक करून मोकळं होता येतं. इथे तो एवढासा पांढरा चेंडू निमूट पडलेला असतो. माझा हात दिवसभर अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात चालतो, रूट कॅनलच्या सुया मी न थरथरता फिरवतो, आणि हा पडलेला चेंडू मारायला मी शिकवणी लावू? क्लब (खेळायची काठी) आणि चेंडू एकमेकांना टेकलेले असतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते, आणि त्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, दोन-तीन अंश इकडेतिकडे असला की चेंडू शेजारच्या होलच्या पट्ट्यावर जातो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

दुसरं म्हणजे तो एक फटका. खेळणाऱ्यांना लगेच कळेल. राऊंडमध्ये १०४ फटके झालेले असतात आणि त्यातला एक, बहुधा सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी क्लबचा), असा लागतो की हाताला काही जाणवतच नाही. चेंडू सरळ वर जातो, थांबल्यासारखा होतो आणि ग्रीनवर, भोकाभोवतीच्या हिरवळीवर, टप्प करून पडतो. घरी येताना गाडीत आपण तो एकच फटका पुन्हा पुन्हा बघत असतो. हळूहळू अशी खात्री होते की तो एक म्हणजे खरा मी आणि बाकीचे १०३ अपघात. एकदा का खरा खेळ आपल्या आतच आहे असं ठरलं की प्रो शिकवणार काय? मी ११ वर्षं याच खात्रीवर काढली.

तिसरं कारण खास आपल्या देशातलं. आपल्याकडे कॅडी असतो. पुढे जाऊन चेंडू कुठे पडला ते बघणारा आगेवाला वेगळा, पण बॅग उचलणारा कॅडी चार तास तुमच्या बाजूला चालत असतो आणि प्रत्येक फटका बघत असतो. माझा कॅडी साठीच्या पुढचा आहे, त्याला सगळे मामा म्हणतात. सोमवारी कोर्स आमच्यासाठी बंद असतो तेव्हा कॅडी खेळतात, आणि मामा मोडक्या सेटवर माझ्यापेक्षा वीसएक फटके कमी घेतो. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी म्हणूनच या खेळात आला, तेव्हा या लोकांच्या नजरेला कमी लेखायचं कारण नाही. ग्रीनवर चेंडू किती वळेल हे मी आजही मामालाच विचारतो.

पण मामा मला साहेब म्हणतो, आणि राऊंड संपल्यावर पैसे मी देतो. फटका वाया गेला की तो एकच वाक्य बोलतो: "डोकं उचललं साहेब." भारतातल्या कुठल्याही कोर्सवर जा, हे वाक्य ऐकू येईल. यात सोय अशी की हा दोष छोटा आहे, एका क्षणाचा आहे आणि आजच्या आज सुटण्यासारखा आहे. माझ्या बाबतीत तो दोष नव्हताच. माझं वजन मागच्या पायावरच राहायचं, शेवटच्या क्षणी कंबर सरळ व्हायची, आणि अख्खं शरीर वर आलं की डोकं काय खाली राहणार? मामाला हे दिसत नसेल असं मला आता वाटत नाही. पण "साहेब, तुम्ही उभेच चुकीचे राहता" हे तो कुठल्या तोंडाने म्हणेल?

आणि मित्र. खरं तर नियम १०.२ प्रमाणे राऊंड चालू असताना दुसऱ्या खेळाडूला सल्ला देणंही चालत नाही, दोन फटक्यांची पेनल्टी आहे. ती खरोखर लावली असती तर आमच्या चौघांतला बँकवाला कधी दीडशेच्या आत आलाच नसता.

आता जे कारण कोणी बोलत नाही ते. आपल्याकडे शिकवणारे बरेच प्रो कॅडी आणि आगेवाल्यांमधूनच वर आलेले असतात, आणि शिकणारे असतात निवृत्त अधिकारी, कारखानदार, डॉक्टर, वकील. मी ज्याच्याकडे गेलो तो मी खेळायला लागलो तेव्हा नुकती दहावी झालेला आगेवाला होता. "ए, बघ रे, डावीकडे गेला" असं मी त्याच्यावर कितीदा ओरडलो असेन. मधल्या वर्षांत तो खेळला, स्पर्धा केल्या, नॅशनल गोल्फ अकॅडमीचा कोचिंगचा कोर्स करून आला. पहिल्या दिवशी रेंजवर तो म्हणाला, "साहेब, ग्रिप (क्लबची पकड) दाखवा." मला 'बघ' म्हणवेना आणि 'बघा' तोंडात येईना. शेवटी नुसतं 'हं' केलं आणि हात पुढे केला. त्याने "माफ करा साहेब" म्हणून माझा डावा अंगठा धरला आणि अर्धा इंच उजवीकडे सरकवला. दिवसभर मी लोकांना 'आ करा' म्हणतो आणि मोठमोठी माणसं आ करतात. त्या अंगठ्याने मला किती अवघडल्यासारखं झालं ते लिहून पटणार नाही. आता वर्ष झालं. मी अजून 'करायचं का सुरू?', 'बुधवारी जमणार का?' अशीच वाक्यं बोलतो, ज्यात तूही नाही आणि तुम्हीही नाही.

"आपली चूक आपणच सुधारू" हे का जमत नाही, तेही सांगतो, कारण ११ वर्षं मी तेच करत होतो. माझा स्लाइस होता, म्हणजे चेंडू सरळ निघून उजवीकडे वळत जायचा. हौशी खेळाडूंचा हा नेहमीचा आजार. सुज्ञ माणूस काय करेल? डावीकडे नेम धरेल. मीही धरला. पण डावीकडे उभं राहिलं की खांदे डावीकडे फिरतात, क्लब आणखी बाहेरून आत, तिरका येतो, आणि फेस मात्र हात नकळत झेंड्याकडे उघडा ठेवतात. क्लब एका दिशेला चाललाय आणि फेस दुसरीकडे बघतोय, या दोन्हींतला फरक जितका जास्त तितका चेंडू जास्त वळतो. म्हणजे नेम आणखी डावीकडे, वळण आणखी उजवीकडे. चौदाव्या टीवर मी शेवटी शेवटी जवळजवळ पार्किंगकडे तोंड करून उभा राहायचो. प्रोने माझा मोबाइलवर मागून व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा पहिल्यांदा मी म्हणालो, हा मी नाही. दुरुस्ती उलटी निघाली: नेम उजवीकडे आणायचा आणि ग्रिप बदलायची. ज्या भीतीने मी डावीकडे सरकत गेलो, तिच्या तोंडातच जायला सांगितल्यासारखं वाटलं.

अमेरिकन गोल्फर बुबा वॉटसनचं उदाहरण इथे कोणीतरी देणारच. त्याने कधी रीतसर शिकवणी घेतली नाही आणि २०१२ व २०१४ ला मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकली, हे खरं. पण तो लहानपणी फ्लोरिडात घराभोवती प्लॅस्टिकचा चेंडू डावी-उजवीकडे वळवत मोठा झाला. आपण ४३ व्या वर्षी सुरू करतो, तेही रविवारी. गोल्फमधला दिग्गज जॅक निकलॉस १० वर्षांचा असताना ज्या जॅक ग्राऊटकडे शिकला, त्याच्याकडेच तो जगातला अव्वल खेळाडू झाल्यावरही हंगामाच्या सुरुवातीला जाऊन ग्रिपपासून तपासून घ्यायचा. हे उदाहरण मात्र क्लबात कोणी देत नाही.

गेल्यावर काय होतं, तर खेळ बिघडतो. जे जात नाहीत त्यांची ही भीती अगदी रास्त आहे. इंग्लंडचा गोल्फर निक फाल्डो १९८३ मध्ये युरोपात पाच स्पर्धा जिंकून पहिल्या क्रमांकावर होता. मग प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरकडे जाऊन त्याने स्विंग मुळापासून बदलायला घेतला, आणि १९८४ नंतर थेट १९८७ पर्यंत त्याला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. लोक म्हणाले, चांगला खेळ होता, घालवला. १९८७ ला म्युरफिल्डला शेवटच्या दिवशी १८ च्या १८ होल्स पारमध्ये (नेमक्या ठरलेल्या फटक्यांत) खेळून त्याने ब्रिटिश ओपन घेतली, आणि पुढे एकूण सहा मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या चार स्पर्धांची सहा विजेतेपदं. पण तो दिवसभर तेच करत होता. माझ्याकडे आठवड्याला एक बुधवार आणि एक रविवार.

आमच्या चौघांत हरणाऱ्याने ऑम्लेट-पाव आणि चहा द्यायचा. शिकायला लागल्यापासून मी सलग नऊ रविवार दिला. स्लाइस गेला होता, पण त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं. कधी चेंडू जमिनीवरून सरपटत जायचा, कधी डावीकडच्या बाभळींत. सहाव्या रविवारी मित्र म्हणाला, "तुझा तो जुना वाकडा फटका बरा होता रे, निदान कुठे जाणार ते माहीत होतं." मला तेव्हा सोडून द्यायचं होतं. बरेच जण इथेच सोडतात आणि मग सगळ्यांना सांगतात, प्रोकडे गेलो होतो, खेळ खराब केला त्याने.

सगळा दोष शिकणाऱ्यांचाही नाही. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी एकच तास घेऊन बघितला होता. त्या गृहस्थांनी तासाभरात सहा गोष्टी बदलायला सांगितल्या, त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध होत्या, आणि मध्येच दोन फोन घेतले. आत्ताच्या पोराने पहिले तीन आठवडे फक्त ग्रिप आणि उभं राहणं घेतलं, ड्रायव्हर बॅगेतून काढूच दिला नाही. ५४ हजारांचा ड्रायव्हर.

सध्या हँडिकॅप २१ आहे. स्लाइस घाईत असलो की अजून येतो.

मी बुधवारी दुपारी तीनची वेळ घेतली होती, कारण त्या उन्हात रेंजवर ओळखीचं कोणी नसतं. मार्चमध्ये एकदा थोडा लवकर पोचलो. अगदी शेवटच्या बे-मध्ये, भिंतीकडे, टोपी कपाळावर ओढून एक जण सात नंबरने हळूहळू अर्धे स्विंग करत होता आणि माझा प्रो त्याच्यामागे उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. आमचा बँकवाला. त्याने मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. मी गाडीत काहीतरी विसरल्यासारखं करून परत वळलो आणि तीन वाजून पाच मिनिटांनी आलो. तोवर तो गेला होता. रविवारी पहिल्या टीवर मी उभा राहिलो तेव्हा तो नेहमीसारखा मागून म्हणाला, "डोकं खाली ठेव रे."