पाणलोटात पैसा आधी कुठे घालायचा? परिसंस्था सेवांवरून ठरवताना

तुम्ही विचारलंय की पाणलोटातल्या कामांचा आराखडा तयार आहे पण पैसा त्यातल्या थोड्याच जागांना पुरेल, मग प्रत्येक जागेच्या परिसंस्था सेवांची, म्हणजे तिथलं जंगल, माळ किंवा पाणथळ जागा माणसांना जे देते (स्वच्छ पाणी, गाळ अडवणं, कार्बन साठवणं) त्याची पैशातली एकूण किंमत काढून जिची जास्त निघेल तिथे आधी काम करावं का. माझं स्पष्ट मत, असं करू नका. सेवा बघाच, पण एकूण किमतीवरून जागा निवडू नका.

कारण एखाद्या जंगलाची किंमत कितीही मोठी निघाली तरी तुमच्या कामाने तिथे बदलणार काय हे त्यातून कळतच नाही. जंगल धडधाकट आहे, कुणी तोडायला येत नाहीये, तर तिथे पैसा घालून ना गाळ कमी होणार ना पाणी वाढणार. कोस्टारिकाने 1997 मध्ये जमीनमालकांना पाणी, कार्बन, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य या चार सेवांसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, योजना चांगलीच, पण सुरुवातीला बराच पैसा अशा जंगलांना गेला जी तशीही तुटणार नव्हती, हे नंतरच्या अभ्यासांत दिसलं. त्यामुळे तुलना दोनच गोष्टींची करायची, काम केलं तर काही वर्षांनी काय असेल आणि नाही केलं तर काय असेल. हा फरक जिथे मोठा आणि खर्च आवाक्यातला, ती जागा यादीत वर. धोक्यात आलेलं पण अजून शाबूत असलेलं जंगल किंवा पाणथळ जागा यात बहुतेक वेळा वर येते, कारण बिघडलेलं सुधारण्यापेक्षा आहे ते राखणं स्वस्त पडतं.

दुसरं म्हणजे सेवा म्हटली की ती घेणारा कुणीतरी असतो, आणि नकाशे करताना नेमका तोच राहून जातो. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं हे बरोबर, पण निवड करताना आधी खाली बघायचं. खाली कोण पाणी घेतंय, कुठून घेतंय, त्यांना नेमकं काय कमी पडतंय, स्वच्छ पाणी की उन्हाळ्यातला प्रवाह की पुरापासून बचाव? या तिन्हींसाठी जागा वेगवेगळ्या निघतात. न्यूयॉर्क शहराला कॅट्सकिल आणि डेलावेअर पाणलोटांतलं पाणी गाळायला मोठा प्रकल्प उभारावा लागणार होता, अंदाज 6 ते 8 अब्ज डॉलरचा, त्याऐवजी 1997 मध्ये वरच्या गावांशी करार करून शहराने पाणलोटच राखायचं ठरवलं. तिथे प्रश्न पक्का होता, पिण्याच्या पाण्याची गुणवत्ता, म्हणून कामंही तशीच निघाली: गुरांचं शेण ओढ्यात जाऊ नये म्हणून सोय, काठावर कुंपण, सांडपाण्याची व्यवस्था, विकायला तयार असलेल्यांकडून जमीन खरेदी. वरच्यांचा खर्च खालच्यांनी उचलला म्हणून ते टिकलं. तुमच्या आराखड्यात चराईबंदी असेल तर तिचा फटका कुणाला बसतो आणि त्याची भरपाई कोण करणार हे आधी लिहून काढा, नाहीतर दोन वर्षांत कुंपण जागेवर दिसणार नाही.

आता झाडांबद्दल, कारण तुमच्या यादीत सगळ्यात मोठा खर्च माथ्यावरच्या वृक्षलागवडीचा आहे. झाडं लावली की पाणी वाढतं असं आपण धरून चालतो, पण झाड पाणी पितंही आणि खोल मुळांनी भरपूर पितं. 2005 मध्ये जगभरच्या लागवडींची मोजमापं एकत्र करून बघितली तेव्हा गवताळ जमिनीवर झाडं लावल्यावर वर्षाचा वाहता प्रवाह सरासरी 44 टक्क्यांनी घटलेला दिसला. दक्षिण आफ्रिकेत तर 1995 पासून सरकारी कार्यक्रमातून पाइन, निलगिरी, वॅटल अशी बाहेरून आलेली झाडं तोडली जातात, नद्यांचं पाणी वाढावं म्हणून! याचा अर्थ झाडं वाईट असा अजिबात नाही. उघड्या तीव्र उतारावर माती धरून ठेवायला झाडी लागतेच, आणि जमीन इतकी दगडासारखी घट्ट झाली असेल की पाऊस मुरतच नाही तर झाडीमुळे मुरण वाढून उन्हाळी प्रवाह सुधारूही शकतो. पण चांगला गवताळ माळ असेल तर तो गवताळच राहू द्या, फार तर चराई आवरा. कार्बन साठवणं, गाळ रोखणं आणि पाणी वाढवणं हे तिन्ही एकाच कामातून एकाच वेळी साधेल ही अपेक्षा सोडा, बंधाऱ्याचंही तेच, वर अडवलेलं पाणी खाली कुणाचं तरी कमी होऊ शकतं.

मॉडेलबद्दल थोडक्यात. परिसंस्था सेवांचे नकाशे काढून देणारं इनव्हेस्ट (InVEST) हे सॉफ्टवेअर मोफत आहे, जागांची आपसात तुलना करायला पुरेसं आहे, पण त्याचं गाळाचं मॉडेल फक्त उतारावरून पावसाने धुऊन जाणारी माती मोजतं, घळी, ढासळणारे काठ आणि दरडी त्यात येत नाहीत. तुमचा गाळ कच्च्या रस्त्यांच्या कडेने आणि काठातून येत असेल तर नकाशा भलतीच जागा लाल दाखवेल, तेव्हा नकाशा हातात घेऊन भर पावसात ओढ्याने वर चालत जा, गढूळ पाणी कुठून मिसळतंय ते बघा, आणि गुरं चारणाऱ्यांना विचारा, त्यांना ते आधीच माहीत असतं.

आणि काम सुरू व्हायच्या आधीच गढूळपणा आणि उन्हाळी प्रवाह मोजायला लागा, शक्यतो शेजारच्या काम न होणाऱ्या तशाच एका ओढ्यावरही, कारण दोन वर्षं पाऊस चांगला झाला तरी आकडे सुधारतात आणि मग ते पावसामुळे की तुमच्या कामामुळे हे सांगायला दुसरा ओढाच लागतो.