‘दार बंद’ लिहिलेल्या घरांचं काय?

प्रश्न : मी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. आम्ही गोवंडीत राहतो. आई आरोग्य सेविका आहे. तिची रजिस्टरं भरायला मी शाळेपासून मदत करते. कुलूप असलेल्या घरापुढे आई ‘दार बंद’ लिहिते. त्या घराचं पुढे काय होतं, कुणी विचारत नाही. वस्तीतल्या आजारपणावर आकडेवारीच्या अंगाने काम करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे नाहीतर डेटा सायन्सचा कोर्स कर, समाजसेवेवर घर चालत नाही. यात खरंच करिअर आहे का?

उत्तर : आहे. आणि ते तुझ्या त्या ‘दार बंद’पासूनच सुरू होतं.

सकाळी अकराला कुलूप लावून गेलेली बाई कुठे असते, हे तुला सांगायला नको. ती चेंबूरला धुणीभांडी करत असते, नाहीतर एखाद्या कारखान्यात. आई घरोघरी फिरते तेव्हा भेटतात त्या घरी असलेल्या बायका : बाळंतीण, म्हातारी, आजारी. म्हणजे जिच्यावर दुखणं अंगावर काढायची पाळी येते, नेमकी तीच मोजणीतून गळते. तुझ्या पुस्तकात ‘नॉन-रिस्पॉन्स’वर, म्हणजे निवडलेल्या घराकडून उत्तरच न मिळण्यावर, एखादं पान असेल, तुझ्या गल्लीत त्याला चेहरा आहे. आता पुढचं बघ. सकाळी मोजणीत जी सापडत नाही, ती सकाळच्या ओपीडीलाही जाऊ शकत नाही, कारण एक खाडा म्हणजे तेवढा पगार कापला. मुंबईत २०२२ पासून पालिकेचे ‘आपला दवाखाना’ सुरू झाले आणि त्यांची वेळ रात्री दहापर्यंत ठेवली गेली, ती मला म्हणूनच मोलाची वाटते. मोजमाप नीट झालं तर उपायही असा साधा निघतो.

दुसरी अडचण सरासरीची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्हावार छापले जातात. तुझी गोवंडी आणि जुहू एकाच जिल्ह्यात, मुंबई उपनगरात येतात. दोन्हींची बेरीज करून काढलेला आकडा ना तुझ्या आईच्या कामाचा, ना जुहूच्या. शिवाय घरातला पंखा, टीव्ही, संडास अशा गोष्टींवरून कुटुंबाची सांपत्तिक पायरी ठरते. सबंध देशाची एकच उतरंड लावली की पंखा-टीव्ही असलेली दहा बाय दहाची खोली बरीच वर चढून बसते. नळ कुणाचा आणि पाणी किती वाजता येतं, हे त्यात दिसत नाही.

वेगळं मोजलं की काय दिसतं, त्याचं माझ्या डोक्यातून न जाणारं उदाहरण जुलै २०२० चं. पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर ही विज्ञान संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागातल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी केली. झोपडवस्त्यांमध्ये सुमारे ५७ टक्के लोकांत कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, वस्तीबाहेर सुमारे १६ टक्क्यांत. वॉर्ड तेच, शहर तेच. सामायिक संडास आणि दाटीची घरं यांची चर्चा त्यानंतर आकड्यानिशी होऊ लागली. वस्ती आणि वस्तीबाहेर असा भेद २००५-०६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातही आठ शहरांत केला होता, मुंबई आणि नागपूर धरून.

ते सर्वेक्षण करणारी संस्था, आयआयपीएस (आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था), देवनारला आहे. तुझ्या घरापासून रिक्षाने जाण्याएवढी जवळ. तिथला बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्याचं संख्याशास्त्र) आणि डेमोग्राफीचा (लोकसंख्याशास्त्राचा) एमएस्सी हा माझ्या मते तुझा पहिला पर्याय. तिथून जवळच टीआयएसएसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे, त्यात सोशल एपिडेमिऑलॉजी, म्हणजे सामाजिक परिस्थितीमुळे आजार कसे पसरतात याचा अभ्यास, शिकता येते. पण तुझं गणित पक्कं आहे म्हणून मी आयआयपीएसला पहिला क्रमांक देते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, दोन्हींची यंदाची माहितीपत्रकं स्वतः वाच. पदवीनंतर लगेच एखाद्या संस्थेत सर्व्हेच्या कामाला लागू नकोस. नमुना कसा निवडायचा हे न शिकता त्यात शिरलेली हुशार मुलं फॉर्म भरण्यातच अडकलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

बाबांची काळजी रास्त आहे. या क्षेत्रात सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पावरच्या, कंत्राटी असतात; प्रकल्प संपला की पुन्हा अर्ज. बँकेची स्थिरता इथे पहिल्या दिवशी मिळत नाही. पण आर आणि पायथॉन या संगणकाच्या भाषा तुला इथेही लागणार आहेत, म्हणजे ते म्हणतात तो डेटा सायन्सचा पाया वाया जात नाही. उद्या गरज पडली तर विमा कंपनी किंवा औषध कंपनीत जायचा रस्ता खुला राहतो. त्यांना हे सांगताना सोबत माहितीपत्रक घेऊन बस, नुसतं तोंडी सांगू नकोस.

तोवर एक काम कर. आईच्या वरिष्ठांची परवानगी घेऊन, तिच्या एका महिन्याच्या नोंदींत ‘दार बंद’ किती आणि ते कोणत्या वेळेचे, एवढंच मोज. नाव, खोली क्रमांक, आजार यातलं काहीही उतरवून घेऊ नकोस. लोकांनी ते आईवर विश्वास ठेवून सांगितलेलं आहे. मग आईला विचार, त्यातल्या थोड्या घरांना संध्याकाळी सातनंतर भेट देता येईल का. ती थकलेली असेल, तेव्हा तिच्यासोबत तूही जा.