कुर्ल्यात विमानतळाजवळच्या मोकळ्या भूखंडावर मैदान आणि बाग करता येईल का?

हो, मैदान आणि बाग करता येईल. खरं तर धावपट्टीच्या आसपास इमारतीपेक्षा मोकळी जागाच बरी. मात्र भूखंडावर आरक्षण कोणतं आहे, ते आधी महापालिकेच्या विकास आराखड्यात बघा. मग उंची. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत झोन नकाशात तुमचा भूखंड ज्या चौकोनात येतो तो लाल असेल, तर प्रकाशझोताच्या खांबालाही प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागेल. दाखल्यातली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. म्हणजे ४० मीटर लिहिलं असेल आणि तुमची जमीन ८ मीटरवर असेल, तर हातात उरतात ३२. बरेच जण इथेच फसतात. दिव्यांची तोंडं खाली वळवलेली हवीत, वर झोत गेला की वैमानिकाचे डोळे दिपतात.

खरी डोकेदुखी विमानांना धडकणाऱ्या पक्ष्यांची. उंबर, वड, जांभूळ लावू नका, शोभेचं तळं नको, कबुतरांना दाणे टाकायचा कट्टा तर अजिबात नको. वडापावच्या गाड्या आल्या की उष्टं आलं आणि त्यामागे घारी-कावळे. विमानतळाच्या १० किमी परिसरात पक्षी येतील असा कचरा उघड्यावर टाकायला विमान नियमांनीच बंदी आहे. झाकणाच्या पेट्या ठेवा, त्या रोज रिकाम्या करा. मकरसंक्रांतीला पतंग आणि एरवी ड्रोन, दोन्हींना मनाईची पाटी लावा.

एक अडचण मात्र राहतेच: भूखंड थेट उतरण्याच्या मार्गाखाली असेल, तर क्रिकेट चालेल, पण विमानांच्या आवाजामुळे निवांत बसायची आजी-आजोबांची बाग तिथे चालणार नाही.