साडेअठरा न्यूट्रॉन?

प्रश्न: सर, मुलगी नववीत आहे. क्लोरीनचं अणुवस्तुमान 35.5 आणि प्रोटॉन 17, मग न्यूट्रॉन काय साडेअठरा, असं ती विचारते. शिवाय समस्थानिक आणि आयन यात आम्हा दोघींचाही घोळ होतो. जरा सोपं करून सांगा ना.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, पोरगी हुशार आहे! साडेअठरा न्यूट्रॉनवाला अणू जगात कुठेच नाही, पण वर्गात 35.5 पाठ करून घेतात आणि पुढे जातात. क्लोरीनचे अणू निसर्गात मुख्यतः दोन प्रकारचे सापडतात, प्रोटॉन दोघांत 17च (ते बदलले तर तो क्लोरीनच राहणार नाही), पण एकात न्यूट्रॉन 18 आणि दुसऱ्यात 20, म्हणून अणुवस्तुमानांक (प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन) 35 आणि 37. हे झाले समस्थानिक. साधारण चार अणूंमागे तीन 35 वाले, एक 37 वाला. 35 त्रिक 105, त्यात 37 मिळवा, 142, भागिले 4... आले की 35.5! नुसती सरासरी आहे हो. काटेकोर आकडा 35.45, शाळेत तो गोल करतात.

आता आयन. इथे न्यूट्रॉनचा काही संबंध नाही, फक्त इलेक्ट्रॉनची देवघेव. मिठात क्लोरीनने सोडियमकडून एक इलेक्ट्रॉन घेतलेला असतो, 17 चे 18 झाले की तो क्लोराइड आयन, ऋण प्रभाराचा. वजनात फरक जवळजवळ शून्य कारण इलेक्ट्रॉन प्रोटॉनच्या सुमारे 1836 पट हलका, पण स्वभाव पार बदलतो, क्लोरीन वायू विषारी आणि क्लोराइड आपण रोज आमटीत घालतो. समस्थानिकांचं बरोबर उलटं, वजन वेगळं पण रासायनिक वागणूक जवळपास तीच.

गंमत म्हणजे समस्थानिक ओळखायला आयनच कामाला आले. केंब्रिजमध्ये ॲस्टन या शास्त्रज्ञाने वायूच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढून धन आयन केले आणि विद्युत व चुंबकीय क्षेत्रातून पळवले, वजनाप्रमाणे ते फोटोच्या काचेवर वेगवेगळ्या जागी आपटले. क्लोरीनच्या खुणा 35 आणि 37 ला उमटल्या, साडेपस्तीसला काहीच नाही! तेव्हा न्यूट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता, तो चॅडविक या शास्त्रज्ञाला 1932 मध्ये सापडला, ॲस्टनला नोबेल मात्र 1922 लाच मिळालं.

मुलीला विचारा, 37 वाल्या क्लोराइड आयनात काय काय किती? उत्तर: प्रोटॉन 17, न्यूट्रॉन 20, इलेक्ट्रॉन 18.